‘किती दिवस ठेवायचं, ताई?’

जालन्यातल्या एका खाजगी रुग्णालयात मी आरोग्यमित्र म्हणून काम करते. दारातून आत आलं की डाव्या हाताला आमचा कक्ष. कक्ष म्हणजे एक टेबल, एक संगणक, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि मागे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक. लोक मात्र या योजनेला अजूनही ‘जीवनदायी’च म्हणतात. २०१२ च्या जुलैत ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राज्यभर गेली, २०१७ साली तिचं नाव बदललं आणि २०२० च्या एप्रिलपासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. टेबलासमोर येऊन उभा राहणारा माणूस आजही पहिल्यांदा एवढंच विचारतो, "ताई, आमच्या मायचं योजनेत बसतंय का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ असतं. रेशनकार्ड बघायचं, आधार बघायचं, डॉक्टरांचं निदान बघायचं आणि मंजुरीसाठी केस टाकायची. दुसरा प्रश्न तीन-चार दिवसांनी येतो. तेव्हा तोच माणूस दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, असा टेबलापाशी येतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली करून विचारतो, "किती दिवस ठेवायचं, ताई?" खरं तर हे डॉक्टरांना विचारायचं. पण डॉक्टर राउंड घेऊन निघून गेलेले असतात, आयसीयूच्या दारावरचा ब्रदर ‘सरांना विचारा’ म्हणतो, आणि साध्या भाषेत बोलणारं, खुर्चीवर बसलेलं, हाताशी सापडणारं माणूस म्हणजे मीच असते. इतक्या घरांनी मला हे विचारलं आहे की आता पैशांचा हिशोब मला या प्रश्नापासून वेगळा करताच येत नाही.

जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. तालुके आठ. मंठा, परतूर, घनसावंगी, जाफराबाद, कुठूनही निघा, जालना गाठायला तासाच्या आसपास किंवा वर लागतो, आणि तेही रस्ता बरा असला तर. म्हाताऱ्या माणसाला रात्री धाप लागते, तोंड वाकडं होतं, घसरून पडून खुबा मोडतो. कोणीतरी १०८ ला फोन लावतो. ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत आणि तिने कितीतरी जीव वाचवले आहेत. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जालना. जालन्यातही नाही जमलं तर साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर. तिथं घाटीचं सरकारी रुग्णालय, नाहीतर एखादं मोठं खाजगी. प्रत्येक मुक्कामावर एकच वाक्य ऐकू येतं, "इथं सोय नाही, पुढं न्या." तरुण माणसाच्या अपघातात हे वाक्य अगदी बरोबर असतं. आठ महिने अंथरुणावर असलेल्या, दोन्ही किडन्या थकलेल्या, पाण्याचा घोटही न उतरणाऱ्या आजोबांच्या बाबतीत मात्र ‘पुढं’ म्हणजे नक्की कुठं, हे विचारायला कोणी थांबत नाही. गाडी पुढे निघते आणि घरच्यांची आशाही प्रत्येक टप्प्यावर नव्याने वाढत जाते.

घनसावंगीकडची एक आजी अशीच रात्री आली. आयुष्यभर कापूस वेचलेला. श्वास लागलेला, ऑक्सिजन चालू, शुद्ध अर्धवट. योजनेत नोंद करायची तर ओळख पटवावी लागते. मी ठशाचं यंत्र घेऊन तिच्या खाटेजवळ गेले. अंगठा ठेवला, उमटेना. स्पिरीटच्या बोळ्याने पुसला, पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. वर्षानुवर्षं बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली ती बोटं इतकी गुळगुळीत झाली होती की यंत्राला त्यावर रेघच सापडेना. शेवटी ओटीपीवर काम झालं. पण आधारला जोडलेला मोबाईल मुलीच्या मुलाकडे, आणि तो ऊसतोडीला गेलेला. त्याला उठवून आकडे विचारले, तेव्हा नोंद झाली. मग खाटेवरचा फोटो घ्यायचा. मी मोबाईल उचलला तशी तिचा मुलगा म्हणाला, "थांबा ताई." त्याने तिच्या नाकातोंडावरच्या मास्कच्या दोऱ्या सांभाळत पदर डोक्यावरून नीट घेतला, कपाळावरचे केस मागे सारले आणि बाजूला झाला. "आता काढा."

त्या माणसाचं रेशनकार्ड केशरी होतं, जमीन दोन एकर कोरडवाहू, आणि तो माझ्याशी पैशांबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

योजनेने खूप केलं, हे मी इथं बसून रोज बघते आणि ते आधी सांगितलंच पाहिजे. आमचा जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांपैकी. त्यामुळे इथल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही आधीपासून यात घेतलेलं होतं. आता सगळ्याच रेशनकार्डधारकांना ती लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच पाच लाखांवर गेलं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा फरक माझ्या टेबलावर मला दिसतो. ज्या ऑपरेशनसाठी पूर्वी बैलजोडी विकली जायची, ते आज सहीवर होतं.

पण योजना पैसे देते ती ठरलेल्या आजाराच्या ठरलेल्या उपचाराला. म्हातारपण हा आजार नाही, त्याचं पॅकेज नाही. आठ गोष्टी एकदम थकलेल्या असतात आणि त्यातली एखादीच यादीत बसते. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, तेव्हा रुग्ण उचलून तिकडे न्यावा लागतो. मंजुरी येण्याआधीची धावपळ, अंबड किंवा भोकरदनला वाटेत भरलेलं डिपॉझिट, तिथून इथवरची खाजगी गाडी, हे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. मग खाटेभोवतीच्या चार माणसांचं जेवण, चहा, रात्री झोपायला जागा, बुडालेली रोजंदारी. आणि सगळ्यात मोठा खर्च डिस्चार्जच्या कागदानंतर सुरू होतो, त्याचं नावच कोणी घेत नाही. नाकातली नळी, लघवीची नळी आणि ती बदलायला येणारा माणूस, डायपर, भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं यंत्र आणि त्याचं वीजबिल, हवेची गादी, पाठीला पडलेल्या जखमांचं ड्रेसिंग. घरातली एक कमावती बाई शेतावर जायची थांबते, हा तर कुठल्याच वहीत न लिहिला जाणारा खर्च.

बदनापूरकडच्या एका घरात अर्धांगवायू झालेले वडील होते. मुलाकडे मोसंबीची बाग. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बाग चांगली पिकली तर घर वर्षभर चालतं. वडील तीन ठिकाणं फिरून आमच्याकडे आले तोवर मुलाने आंबे बहाराची बाग, फळं अजून हिरवी लहान असताना, व्यापाऱ्याला देऊन टाकली होती. रोख लगेच हवी म्हटल्यावर व्यापारी भाव देतो तो त्याच्या सोयीचा. त्यावरही भागलं नाही म्हणून पाहुण्यांकडून शेकडा तीन रुपयांनी उचललेले पैसे. मी केस टाकली, मंजूर झाली, आमच्याकडच्या दिवसांचा एक रुपयाही त्याला लागला नाही. पण तोवर बाग गेलेली होती. मी विचारलं, "आधीच्या दवाखान्यात योजना नव्हती का?" तो म्हणाला, "विचारायचं सुचलंच नाही ताई. ते म्हणले अर्जंट आहे, म्या म्हणलं करा."

‘करा’ हा शब्द मी या टेबलाशी जितक्या वेळा ऐकला तितका दुसरा कुठला नाही. दर विचारणं म्हणजे बापाच्या जिवाची किंमत करणं, असं माणसाला वाटतं. हा संकोच थोडा सैल झाला तो कोरोनाच्या काळात. २१ मे २०२० ला राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांच्या ऐंशी टक्के खाटांसाठी दर बांधून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. दोन दिवसांनी आमची जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली झाली. आरोग्यमंत्री तेव्हा आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे आमदार राजेश टोपे होते, त्यामुळे इथं त्या निर्णयांची चर्चा पारावर व्हायची. व्हेंटिलेटरला दिवसाला किती पडतात, हे साध्या शेतकऱ्याला पहिल्यांदा कळलं ते त्या कागदामुळे. २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती झाली, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. मी लोकांना तो फलक बोटाने दाखवते. वाचून दाखवते. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हेही सांगते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, म्हणते.

एवढं सगळं सांगूनही माझी समजूत अशी झाली आहे की म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या आजारपणात घर खचतं ते दर माहीत नसल्यामुळे कमी आणि खरं माहीत नसल्यामुळे जास्त. हा माणूस आता जाणार आहे, हे कोणी त्यांना सांगितलेलंच नसतं. तीन दवाखाने झाले, सात डॉक्टरांनी तपासलं, फाइल जाड झाली. ‘सिरियस आहे’, ‘चान्सेस कमी आहेत’, ‘आम्ही प्रयत्न करतोय’ एवढंच कानावर आलेलं असतं. ‘चान्सेस कमी’ ऐकणाऱ्याला त्यात चान्स ऐकू येतो. तो म्हणतो, करा.

डॉक्टर का बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. ज्यांच्यासोबत मी काम करते ती माणसं निर्दय नाहीत. त्यांना भीती असते. डॉक्टरांवर हल्ले होऊ नयेत म्हणून आपल्या राज्यात २०१० मध्ये कायदा करावा लागला, तरीही काचा फुटतात. ‘काही उपयोग नाही’ असं म्हणणारा डॉक्टर उद्या ‘त्याने बघितलंच नाही’ म्हणून व्हिडिओत दिसू शकतो. त्यापेक्षा नळी टाकणं, रक्त तपासणं, पुढं पाठवणं सोपं पडतं. आणि खाटेभोवती वीस माणसं असताना बोलायचं कोणाशी? मोठा मुलगा, धाकटा मुलगा, जावई, सरपंच, शेवटी पुण्याहून फोनवर असलेला मधला मुलगा. हा मधला मुलगा बहुतेक घरांत असतो. चाकणला नाहीतर हिंजवडीला नोकरीला. त्याने दिवाळीनंतर वडिलांना पाहिलेलं नसतं, त्याच्या डोळ्यासमोर चालतेफिरते वडील असतात. व्हिडिओ कॉलवर तो रडतो आणि म्हणतो, पैशांकडे बघू नका, सगळं करा. त्याच्या प्रेमाबद्दल मला कधी शंका आली नाही. पण तो पोचेपर्यंत ठेवायचं, या एका गोष्टीने किती घरांत व्हेंटिलेटरचे दिवस वाढले, ते मी बघितलं आहे.

आणि गाव. "बापाला तसंच मारलं, दवाखान्यात नेलं न्हाई," हे वाक्य तेराव्याच्या पंगतीत कोणीतरी बोलेल, या धास्तीने माणूस कर्ज काढतो. मी त्याला दोष देत नाही. त्याला त्याच गावात राहायचं आहे.

या सगळ्या बोलण्यात जिला खरं माहीत असतं तिला कोणी विचारत नाही. ती सून. परतूर तालुक्यातलं एक कुटुंब होतं. सासरे आयसीयूत, बाहेर पुरुष माणसं चर्चा करत होती. सून माझ्या टेबलाजवळच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी सहज विचारलं, आबा कधीपासून असे? ती सांगू लागली. पोळ्याच्या आधीपासून आबांनी भाकरी सोडली. आधी दुधात कुस्करून खायचे, मग नुसतं दूध, मग चमच्याने पाणी. गणपतीत एक दिवस म्हणाले, सीता (म्हणजे त्यांची वारलेली बायको) दारात उभी आहे. दिवाळीपासून कूस बदलायला माणूस लागत होता. ओठ कोरडे पडायचे तर ती तूप लावायची. "मला वाटलंच हुतं ताई, आता आबा चालले. म्या ह्यांना म्हणलं, पोरीला बोलवून घ्या, भेट होऊ द्या. पर परवाच्या राती घरघर लागली आन् ह्यांनी गाडी बोलावली." आत मॉनिटरवर जे आकडे दिसत होते ते सगळे त्या बाईने चार महिने आधी आपल्या हातांनी वाचले होते. डॉक्टरांच्या केसपेपरवर मात्र ‘कालपासून श्वासाचा त्रास’ असं लिहिलेलं होतं, कारण माहिती देणारा मोठा मुलगा होता आणि तो कालच शेतातल्या वस्तीवरून आलेला.

मी हे आमच्या आयसीयूच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांची एक पद्धत आहे, तिच्याबद्दल मला फार आदर आहे. संध्याकाळी ओपीडी उरकली की ते अशा एखाद्या घरातल्या तिघाचौघांना आत बोलावतात, खुर्च्या द्यायला लावतात, स्वतःही बसतात. उभ्याने सांगत नाहीत. त्या दिवशी त्यांनी सुनेलाही बोलावलं. आधी तिलाच विचारलं, घरी काय काय झालं. मग म्हणाले, "आबा बरे होऊन चालत घरी जाणार नाहीत. आम्ही मशीन लावलं तर श्वास मशीन देईल, पण त्यांची तब्येत परत येणार नाही. दिवस वाढतील, आबा वाढणार नाहीत. त्यांना दम लागू नये, दुखू नये, एवढं मात्र मी नक्की करू शकतो." बराच वेळ कोणी बोललं नाही. मोठ्या मुलाने विचारलं, "म्हंजी आमी काय कमी केलं असं न्हाई ना, डॉक्टर?" ते म्हणाले, "काहीच कमी केलं नाही. उलट या सूनबाईंनी जे केलं ते आम्हाला इथं जमलं नसतं." सून पदराने डोळे पुसत होती. त्यांनी नळी टाकली नाही. मुलीला बोलावून घेतलं. आबा दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्यांना भेटून, वॉर्डातल्या साध्या खाटेवर गेले. या अर्ध्या तासाच्या बोलण्याला योजनेत पॅकेज नाही. पण त्याने त्या घराचे किती वाचले, ते मी सांगू शकते, कारण त्यांनी विकायला काढलेली म्हैस नंतर विकली नाही.

कायदा काय म्हणतो, हेही मला अशा वेळी विचारतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून जास्त, निपचित अवस्थेत होत्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली. त्यांच्या प्रकरणात ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा उपचार थांबवू देण्याचा दरवाजा किलकिला केला. ९ मार्च २०१८ ला ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बरं होण्याची आशा नसलेल्या माणसाला यंत्रांवर न ठेवण्याचा निर्णय घेता येतो, आणि शुद्धीत असताना तसं लिहूनही ठेवता येतं. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. रुग्णालयात तीन डॉक्टरांचं एक मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, आणि शक्यतो ४८ तासांत निर्णय.

प्रत्यक्षात मात्र इथं जे होतं त्याचं नाव ‘डामा’. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो, अशी सही. पैसे संपले की डामा, किंवा आशा संपली की डामा. दोन्हींची सही एकाच कागदावर. सही करणाऱ्याला तो कागद आयुष्यभर छळतो, कारण त्यावर ‘सल्ल्याविरुद्ध’ असं छापलेलं असतं आणि असा सल्ला कोणी मनापासून दिलेला नसतो. मग अँब्युलन्स. व्हेंटिलेटरवरचा माणूस असेल तर फुगा हाताने दाबत दाबत गावापर्यंत न्यायचा, कारण जीव स्वतःच्या घरात गेला पाहिजे. ओसरीवर घोंगडी टाकलेली असते. तोंडात गंगाजल, तुळशीपान. मग सोबत गेलेला ब्रदर नळी काढतो. आमचा एक ब्रदर, वयाने अगदी लहान पोरगा, अशा एका फेरीनंतर माझ्या टेबलापाशी येऊन बसला. म्हणाला, "ताई, नळी काढताना त्यांची सगळी माणसं माझ्या हाताकडं बघत होती." त्याला कोणी शिकवलं नव्हतं की अशा वेळी काय बोलावं, दम घुसमटू नये म्हणून कोणतं औषध द्यावं. त्याच्याजवळ ते औषध नव्हतंही.

ते औषध आहे. मॉर्फिन. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून वेदनाशमनासाठी ते मिळणं सोपं केलं गेलं. केरळने २००८ मध्येच वेदनाशामक आणि परिहार (पॅलिएटिव्ह) सेवेचं राज्य धोरण केलं आणि ग्रामपंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघरी पाठवल्या. आपल्याकडेही उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, त्यांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी आणि परिहार सेवा लिहिलेली आहे. समुदाय आरोग्य अधिकारी तिथं बसतात, आशाताई घरोघरी जातात. म्हणजे माणसं आहेत, यादी आहे, कायदा आहे. आबांच्या ओठांना तूप लावणाऱ्या सुनेच्या दारात पोळ्यानंतर महिन्यातून दोनदा एखादी सिस्टर गेली असती, पाठीची जखम कशी टाळायची, घरघर लागली तर घाबरायचं का नाही, कोणता थेंब जिभेखाली द्यायचा, हे तिने दाखवलं असतं, तर त्या रात्री गाडी बोलवायची वेळच आली नसती. आयसीयूच्या एका दिवसाला योजनेतून जे जातं त्यात अशा किती फेऱ्या होतील, हा हिशोब सरकारने मांडावा, असं मला अगदी कळकळीने वाटतं. कवच पाच लाखांचं झालं, फार चांगलं झालं. त्यातले थोडे घरी मरणाऱ्या माणसाच्या उशाशीही खर्च होऊ देत.

हल्ली वय वंदना कार्डासाठी म्हातारी माणसं स्वतःच्या पायांनी येतात, म्हणून मी त्यांच्याशी आजारपणाच्या आधीच बोलून घेते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा मुलाला घेऊन आले होते. कार्ड निघालं. मी सांगितलं, पाच लाखांपर्यंतचे उपचार यावर होतील. त्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "खर्चायची सोय झाली बाई. आता खर्चू नका, हे कुठं लिहून ठिवायचं?"

मुलगा एकदम उसळला. "दादा, काय बोलायलात असलं?"

"तुझ्या मायच्या टायमाला अकरा दिवस काचंतून बघितलं म्या तिला. हातात हात घेता आला न्हाई. मला तसं नगं."

मी त्यांना कागदाचं सांगितलं. साक्षीदार, नोटरी, एक प्रत घरच्या डॉक्टरांना, एक स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे, जी जपून ठेवण्यासाठी तिथं एक अभिरक्षक नेमलेला असावा असं न्यायालयाने म्हटलं आहे. हे अभिरक्षक राज्यात प्रत्यक्ष नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते, तेही सांगितलं. मुलगा अजून रागात होता, पण ऐकत होता. मग बापलेकांची खरी चर्चा सुरू झाली. ऑक्सिजन चालेल, असं दादांचं म्हणणं. नळी नको. मुलाने विचारलं, "नळी म्हंजी नाकातली पण नगं का? उपाशी ठिवू का तुमाला?" आणि पडून पाय मोडला तर? त्याचं ऑपरेशन करायचंच, दादा म्हणाले, मला चालायचं आहे. दमाचा ॲटॅक आला तर? दोन दिवस मशीन लावून बरं होणार असेल तर लावा, कायमचं नको. ही सगळी उत्तरं त्यांच्याजवळ तयार होती. त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आमच्या आयसीयूच्या डॉक्टरांनी ओपीडी संपल्यावर दोघांना बसवून प्रत्येक नळीचं काम समजावून दिलं. पुढच्या आठवड्यात दादा नोटरी केलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला दाखवायला घेऊन आले. एक झेरॉक्स मुलाकडे, एक गावातल्या डॉक्टरांकडे. तिसरी त्यांच्या तालुक्याच्या गावी स्थानिक संस्थेच्या कार्यालयात द्यायची होती. तिथं खिडकीवरच्या माणसाने कागद वाचला, परत दिला आणि असलं इथं घेत नाहीत म्हणाला. दादांनी मला न्यायालयाच्या निकालाची प्रत मागितली, ती मी काढून दिली. सोमवारी ते पुन्हा जाणार आहेत, या खेपेला मुलगा सोबत येतो म्हणाला आहे.